जिन्यातल्या बत्तीची परतीची वायर

माझ्या शर्टाच्या खिशात आता टेस्टर नसतो. चाळीसेक वर्षं तो तिथंच होता, मास्तरांच्या खिशाला पेन असतो तसा. शर्ट भिजत घालण्याआधी बायको पहिल्यांदा तो काढून ठेवायची आणि मगच बाकीचा खिसा बघायची. तो हरवलेला नाही. कुठल्या घरात, कितव्या पायरीवर राहिलाय हे मला पक्कं माहीत आहे. आणायला मात्र जाववत नाही. ते का, हेच लिहायला बसलोय. बसलोय म्हणजे नावाला. या चार ओळी होईपर्यंत तीनदा उठून पोर्चमधला बोर्ड बघून आलो.

ही माझी खोड जुनी आहे. कुणाच्याही घरी गेलो की मी आधी बोर्डाला हात लावतो. तळवा नाही, हाताची मागची बाजू. बोर्ड कोमट लागला की समजायचं, आत एखादा जोड सैल आहे. थोरल्यासाठी मुलगी बघायला गेलो होतो तेव्हा कांदेपोहे यायच्या आत मी त्यांचा बोर्ड चाचपला आणि पंख्याचा स्विच बदलून घ्या म्हणून सांगून मोकळा झालो. बायको कानाशी म्हणाली, "जरा गप बसा की. आपुन पोरगी बघाय आलोय, मीटर बघाय न्हाय." लग्न जमलं. सूनबाई अजून तो किस्सा पाहुण्यांना रंगवून सांगते.

मी वायरमन. आयटीआय केलं, लायसन काढलं आणि बारामती-इंदापूर या दोन तालुक्यांत आधी सायकलवर आणि मग मोटारसायकलवर हिंडलो. कारखान्याच्या मोठ्या कामात पडलो नाही, विहिरीवरच्या मोटारींच्या वाटेला गेलो नाही. घरातले दिवे आणि पंखे, एवढंच माझं राज्य. लोक म्हणतात, त्यात काय आहे, दोन वायरी आणि एक बटण. खरंच तेवढंच आहे. पण त्या दोन वायरी कुठून न्यायच्या आणि कुठून परत आणायच्या, हे ठरवण्यात माझा जन्म गेला.

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एक वायर वीज घेऊन येते, तिला आम्ही फेज म्हणतो. दुसरी ती परत मीटरकडं नेते, ती न्यूट्रल. बटण बसवायचं ते येणाऱ्या वायरीवर. परतीच्या वायरीला लोक थंड समजतात, तिला हात लागला तर काही होत नाही म्हणतात. मीटरकडं जायची तिची वाट मोकळी आहे तोवर ते खरं आहे. ती वाट कुठं तुटली, तर दिव्यातून पलीकडं आलेली वीज त्या थंड वायरीतच उभी राहते आणि जो हात लावेल त्याच्यातून जाते. आमच्या धंद्यात माणसं येणाऱ्या वायरीनं कमी आणि परतीच्या वायरीनं जास्त फसतात. सगळे येणारीलाच भितात.

या वायरी भिंतीवरून न्यायच्या की भिंतीतून, हा दुसरा प्रश्न. मी शिकलो तेव्हा लाकडी पट्टीवर क्लिपा मारून वायर ओढायचे. मग प्लॅस्टिकच्या पांढऱ्या पट्ट्या आल्या. तळाची पट्टी भिंतीला ठोकायची, वायरी तिच्यात बसवायच्या आणि वर झाकण दाबायचं. आणि मग आलं ते कन्सील, म्हणजे भिंत कोरून पाइप पुरायचा, वरून गिलावा. कन्सील दिसायला देखणं. पण गिलाव्याखाली काय करून ठेवलंय ते करणाऱ्यालाच माहीत असतं. पट्टीत तसं काही लपत नाही.

नरसिंहपूरला संगमाजवळ एका निवृत्त तलाठ्यांचं घर केलं. त्यांना कन्सील हवं होतं, मुलाच्या पुण्यातल्या फ्लॅटमध्ये आहे तसं. मी नदीकडं बघितलं आणि नाही म्हणालो. सगळ्या पट्ट्या छताखालून नेल्या आणि बोर्ड डोक्याएवढे उंच बसवले. ते गावभर सांगत सुटले की वायरमननं घराचं रेशन दुकान केलं. पुढं एका पावसाळ्यात पाणी खिडकीपर्यंत चढलं. पाणी उतरल्यावर शेजारच्या घरांत पंधरा-पंधरा दिवस बोर्डातून पाणी ठिबकत होतं. यांचे दिवे घर धुऊन झालं त्याच दिवशी लागले. मला बोलावून चहा दिला आणि म्हणाले, "वायरमन, पट्ट्या वाईट दिसत्यात हे मी अजून म्हणतो. पर दिसत्यात तरी. शेजाऱ्याला अंधारात कायबी दिसंना झालंय."

सुप्याच्या एका तात्यांची गोष्ट वेगळी. त्यांना गोठ्यातला दिवा अंथरुणातून लावता-विझवता यायला हवा होता. एका दिव्याला दोन ठिकाणी बटणं देता येतात, जिन्यात असतात तशी. मी एक बटण खाटेपाशी दिलं आणि एक गोठ्यात. आठवड्यानं तात्यांचा फोन, एक बटण काढा. त्यांच्या मंडळी, म्हणजे मावशी, गोठ्यात धार काढायला बसल्या की तात्या खाटेवरून दिवा घालवायचे, कारण त्यांना वाटायचं तो चुकून चालू राहिलाय. मावशींनी चरवीसकट घरात येऊन जे काय ऐकवलं, ते ऐकून तात्या मला म्हणाले, "जितं म्हस तितं बटण. माझ्या उशाला नगं."

हे असलं सांगायला मजा वाटते. सांगताना लोक हसतात, आणि आपण या धंद्यात शहाणे होतो असं आपल्यालाही वाटायला लागतं. म्हणून आता ती जिन्याची गोष्ट सांगतो.

जिन्याचं वायरिंग आयटीआयच्या परीक्षेत असतं. खाली एक बटण, वर एक बटण, मध्ये एक बत्ती. मला त्यात पैकीच्या पैकी मिळाले होते. वीसेक वर्षांपूर्वी वडगाव निंबाळकरच्या बाहेर एका मळ्यात आबांच्या नव्या घराचं काम घेतलं. नावं बदलून लिहितोय, माणसं खरी आहेत. आबांना दोन मुलगे. थोरला रामभाऊ, ऊस आणि गाई बघणारा. धाकटा विलास, दूध डेअरीत नोकरीला. खाली थोरल्याचा संसार, वर धाकट्याचा, मीटर एकच. आबांनी ठासून सांगितलं होतं की पट्टी नको, भिंतीतलंच करा. नदी लांब होती. मीही हो म्हणालो.

जिन्याच्या बत्तीला खालच्या बोर्डातून वरपर्यंत तीन वायरी न्यायच्या होत्या. दोन या बटणातून त्या बटणात जाणाऱ्या आणि तिसरी परतीची. दोन गेल्या. तिसरी जाईना. स्लॅब टाकताना पाइप कुठंतरी दबला होता आणि सिमेंटचं पाणी आत जाऊन घट्ट बसलं होतं. साबण लावला, स्प्रिंग घातली, दिवसभर खटपट केली. वास्तुशांत दोन दिवसांवर आलेली. रंगारी ब्रश घेऊन पाठीशी उभा. भिंत फोडायची तर आबांना सांगावं लागणार होतं.

मी फोडली नाही. परतीची वायर वरच्या खोलीच्या बोर्डातून घेतली. येणारी वीज खालची आणि परत जाणारी वरची. एकाच घरात, एकाच मीटरवर शेवटी दोन्ही एकाच जागी जाणार, असं मनाला समजावलं. हे चूक आहे हे मला तेव्हाही ठाऊक होतं. बत्ती लागली. आबांनी खालचं बटण दाबलं, गुडघ्यावर हात ठेवत वर चढले, वरचं बटण दाबून बत्ती घालवली, आणि खाली येऊन माझ्या पाठीवर थाप मारली. ती थाप घेऊन मी घरी गेलो.

आबांचा एक नेम होता. सकाळी चहा झाला की जिना चढून गच्चीवर जायचे आणि सगळा मळा वरून बघायचे. कुठं पाणी पोचलं नाही, कुठं ऊस पिवळा पडलाय, ते तिथूनच ओरडून सांगायचे. गावातली माणसं त्यावर हसायची. दोन्ही सुना मात्र त्यांच्यासाठी पहाटेच बत्ती लावून ठेवायच्या.

सातआठ वर्षांनी वाटणी झाली. भांडण नव्हतं, रीतसर झाली. पाण्याच्या पाळ्या वाटल्या, गाई वाटल्या, घराला दुसरं मीटर आलं. कागदावर लिहिलं की जिना सामाईक. बत्ती कुणाच्या मीटरवर, हा प्रश्न निघाला तेव्हा मी तिथंच होतो, कारण वायरिंग वेगळं करायला मलाच बोलावलं होतं. रामभाऊ म्हणाला, "माझ्या मीटरवर राहू द्या. वर-खाली कुणीबी लावा, कुणीबी घालवा." आबांचे डोळे भरून आले. सगळे माझ्याकडं बघत होते. आणि मला तो पाइप आठवत होता.

आता खालची वीज रामभाऊच्या मीटरमधून येणार होती आणि विलासच्या मीटरकडून परत जाणार होती. ते तोडायलाच हवं होतं. किती काम होतं ते? जिन्यातून एक पांढरी पट्टी वरपर्यंत ठोकायची आणि तिच्यातून नवी परतीची वायर न्यायची. दोन तास. पण पट्टी कशाला, असं आबांनी विचारलं असतं. सगळं भिंतीत असताना ही एक वायर बाहेर का, याचं उत्तर द्यावं लागलं असतं. मी बाकीचं सगळं वेगळं केलं आणि जिना तसाच ठेवला. बत्ती लागत होती. सगळ्यांनी जेवायला थांबवून घेतलं. मी जेवलो.

मग एकदा विलासच्या बायकोला वॉशिंग मशीनचा झटका बसला. हलकासाच, पण तो घाबरला आणि बारामतीहून दुसरा माणूस आणून त्यानं आपल्या मीटरवर ईएलसीबी बसवून घेतला. हे यंत्र फार इमानी असतं. वीज जेवढी गेली तेवढी परत आली की नाही ते बघतं. जरा फरक पडला की सगळं बंद. त्याच्या मीटरवर आता फरक पडणारच होता. जिन्याची बत्ती लागली की न गेलेली वीज परत यायची, आणि वरचं सगळं घर बंद पडायचं.

चार दिवस त्या घरात काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. खाली वहिनींनी, म्हणजे रामभाऊच्या बायकोनं, बत्ती लावली की वर मिक्सर बंद, टीव्ही बंद, आणि बत्तीही विझायची. वरच्यांना वाटलं खालचे मुद्दाम बटण दाबतात. खालच्यांना वाटलं विलासनं काहीतरी बसवून जिन्याची बत्ती तोडली. दोघांच्या बायका बोलेनाशा झाल्या. विलासनं स्वतःच बघायचं ठरवलं. संध्याकाळी मेन बंद केला, टेस्टर लावून खात्री केली, प्लॅस्टिकच्या स्टुलावर उभा राहिला आणि वरच्या खोलीचा बोर्ड उघडला. त्याच वेळी दिवेलागणीला वहिनींनी खाली रोजच्यासारखं बटण दाबलं. आबांना पांढरा उजेड सोसत नाही म्हणून तिथं अजून पिवळा बल्ब होता. त्या बल्बातून निघालेली वीज वर आली. मेन बंद, परतीची वाट बंद. ती विलासच्या हातातल्या थंड वायरीत उभी राहिली.

स्टुलावरून फेकला गेला म्हणून वाचला. खांद्याचं हाड मोडलं.

त्या गावातल्या कुणालाही यात एकच अर्थ दिसला असता. आदल्या वर्षी रामभाऊनं डुकरांसाठी मक्याच्या कडेनं तार ओढून तिच्यात करंट सोडला होता आणि शेजाऱ्याची शेळी मेली होती. शेळी भरून दिली, माफी मागितली, पण नाव झालं ते झालंच. विलासनं दवाखान्यातून एका ओळखीच्याला फोन केला तो चौकीत तक्रार कशी द्यायची ते विचारायला. आबांनी माणूस पाठवून मला बोलावून घेतलं.

पडवीत सगळे बसले होते. विलास गळ्यात हात बांधून आला होता. रामभाऊ खाली मान घालून गाईच्या दाव्याचं टोक उलगडत होता. विलास मला म्हणाला, "मी माझा मेन बंद केला व्हता. टेस्टर लावून बघितलं व्हतं. मग करंट आला कुठनं? खालनंच आला का न्हाय? तुमी वायरिंग केलंय, तुमी सांगा. कुणी सोडला?"

करंट खालूनच आला होता. तो अगदी खरं बोलत होता.

रामभाऊनं वर बघितलं. "मिस्तरी," तो म्हणाला, "माझ्या हातनं काय झालं आसंल तर सांगा. मला तर कायबी म्हाईत न्हाय." त्याच्या आवाजात विनवणी होती. आपणच नकळत भावाला मारायला निघालो होतो की काय, अशी भीती त्याला वाटत होती.

मी उठलो, वर गेलो, खाली आलो, हा बोर्ड उघड, तो उघड. मला सगळं माहीत असताना मी अर्धा तास शोधल्याचं नाटक केलं. मग सांगितलं, "उंदीर. पायपातल्या वायरी उंदरानं कुरतडल्यात. खालची वायर वरच्या वायरीला चिकटली. कुणाचा दोष न्हाय."

आबा म्हणाले, "आयकलं न्हवं?" रामभाऊनं हात जोडले, कुणाला ते कळलं नाही. विलासनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "उंदराला बी नेमका त्योच दिवस घावला व्हय?" आबांच्या शब्दाखातर त्यानं तक्रार दिली नाही. पण विश्वास बसला नाही, तो कधीच बसला नाही. त्याच दिवशी मी जिन्यात पांढरी पट्टी ठोकली, तीन नव्या वायरी त्यातून नेल्या आणि वरची परतीची वायर तोडली. दोन तास लागले. मोजूनच लागले. भिंतीतल्या जुन्या वायरी तशाच आत राहिल्या.

महिन्याभरात विलासनं घराच्या मागल्या अंगानं लोखंडी जिना चढवला आणि आतला जिना वरच्या तोंडाशी विटांनी बांधून टाकला. आबांना लोखंडी जिना चढता येईना. उभा, अरुंद, पायाखाली जाळी. एकदा चार पायऱ्या चढले आणि घाबरून खाली आले. नंतर मी कधी त्या बाजूला गेलो की ते ओट्यावर असायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचे, "वरनं ऊस कसा दिसतोय रं?" मलाही एकदा विचारलं. मी म्हणालो, झ्याक दिसतोय. मी वर गेलोच नव्हतो. तीन वर्षांनी ते खालच्याच खोलीत वारले. त्यांच्या शेवटच्या दिवसांत मी भेटायला गेलो नाही. बायकोला म्हणालो, काम आहे. काम नव्हतं.

मी हे कुणालाच सांगितलं नाही. बोर्ड कोमट आहे का बघत हिंडणं सुरू झालं ते तेव्हापासून नाही, ते आधीपासूनच होतं. पण आधी मी घरी येऊन स्वस्थ बसू शकायचो. आता जेवताना मध्येच उठतो. सूनबाई म्हणते मामंजींना साखरेचा त्रास असेल. तपासून झालं, साखर नाही.

यंदा रामभाऊच्या मुलीचं लग्न ठरलं. मी काम सोडून वर्ष झालं होतं, तरी त्यानं मलाच फोन केला. घर रंगवायचंय, जिन्याखालच्या जागेत खोली काढायचीय, ती पांढरी पट्टी काढून सगळं भिंतीतनं करून द्या. दुसरा चांगला वायरमन देतो म्हणून मी सांगू शकलो असतो. पण दुसऱ्यानं ती भिंत फोडली असती. म्हणून मी गेलो. मदतीला गेलो असं म्हणायला जीभ रेटत नाही.

छिन्नी-हातोडा घेऊन खालच्या बोर्डापासून गिलावा उडवत वर गेलो. रामभाऊ पायरीवर बसून बघत होता, मुलीच्या सासरच्यांचं कौतुक सांगत होता. स्लॅबजवळ तो दबलेला पाइप लागला. मी तो कापला. आत सिमेंटचा बोळा आणि त्याच्या कडेनं गेलेल्या दोन जुन्या वायरी. मी त्या घाईनं ओढून पिशवीत टाकायला गेलो. रामभाऊनं हात पुढं केला. माझ्या हातातून घेतल्या, बनियनच्या टोकानं पुसल्या, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोटांतून सरकवल्या. मग परत सरकवल्या. एक लाल, एक पिवळी, कालच आणल्यासारख्या.

"मिस्तरी," तो म्हणाला, "उंदीर कुठं लागलाय हितं?"

अजून एक थाप मारता आली असती. दुसऱ्या पाइपात, पुढच्या वळणात, काहीही. तोंडाशी आली होती. पण मला ते बोलवेना. मी खालच्या पायरीवर बसलो आणि सगळं सांगितलं. पाइप दबल्याचं, रंगाऱ्याचं, वाटणीच्या दिवसाचं, जेवणाचं. टेस्टर हातात होता. त्याचं टोपण सारखं उघडत-मिटत होतो. सांगून झाल्यावर तो पायरीवर ठेवला.

रामभाऊ शिवी घालेल असं वाटलं, घातली असती तर बरं झालं असतं. तो उठला, त्या दोन वायरी मुठीत घेतल्या आणि म्हणाला, "चला वर."

लोखंडी जिन्यानं तो पुढं आणि मी मागं. इतक्या वर्षांत त्या जिन्यावर त्याचा पाय पहिल्यांदा पडला असावा. मध्ये एकदा कठडा धरून थांबला. विलासनं दार उघडलं आणि भावाला बघून बाजूला झाला, या म्हणाला नाही. रामभाऊ उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. "ह्यांचं आयक," एवढंच म्हणाला.

मी दुसऱ्यांदा सगळं सांगितलं. दुसऱ्यांदा सोपं जात नाही. विलास दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होता. त्याचा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली आहे, हे मला तेव्हा जवळून दिसलं. माझं संपल्यावर त्यानं एकच विचारलं. "तवाच का न्हाय बोललासा?"

"माझं नाव गेलं आसतं," मी म्हणालो.

त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. तो त्या दोन वायरींकडं बघत होता. रामभाऊनं त्या चौकटीपाशी खाली ठेवल्या, आणि मान वर न करता विचारलं, "हात वर व्हतो का रं?"

हे त्यानं इतक्या वर्षांत विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर गुन्हा कबूल केल्यासारखं झालं असतं. विलासनं हात उचलून दाखवला. खांद्याच्या रेषेपर्यंत आला आणि तिथं थांबला. "इतकाच," तो म्हणाला. रामभाऊनं पुढं होऊन त्या हाताला कोपराखाली आधार दिला आणि जरा वर उचलून बघितला, गाईचा पाय बघावा तसा सावकाश. मग मागं वळून मला म्हणाला, "मिस्तरी, तुमी आता जावा."

मी गेलो. छिन्नी, हातोडा, पिशवी सगळं तिथंच राहिलं. बारामतीत घरी पोचल्यावर खिशाकडं हात गेला तेव्हा कळलं की टेस्टरही राहिलाय, खालून दुसऱ्या पायरीवर. अर्धी फोडलेली भिंत तशीच टाकून आलो होतो. असं काम मी जन्मात अर्धवट सोडलं नव्हतं. लग्नाला जेमतेम दोन महिने होते, भिंत कुणी बुजवली असेल, वायर कुणी कुठून नेली असेल, याच विचारानं आठवडाभर घरातल्या घरात चकरा मारल्या.

मग एका दुपारी फोन आला. नंबर ओळखीचा नव्हता. "मी विलास बोलतोय," पलीकडून आवाज आला. मी उभा राहिलो. तो म्हणाला, "तुमचं सामान हितं ऱ्हायलंय. भाऊ म्हणतोय, टेस्टर बी हाय पायरीवर, कुणी हलवलेला न्हाय. घिऊन जावा म्हणतोय. आनि भिंतबी बुजवायची ऱ्हायलीय." एवढं बोलून त्यानं फोन ठेवला.

भाऊ म्हणतोय. परत आलो त्या रात्री बायकोला सगळं सांगितलं होतं, आता ते दोन शब्दही जाऊन सांगितले. तिला आधी कळलं नाही, मग कळलं, आणि तिनं पदर तोंडाला लावला. आबा गेले नसते तर त्यांनाही सांगितलं असतं, पण ऐकायला ते नाहीत, आणि ते असताना बोललो नाही हा दोष माझाच आहे.

त्याला आता पंधरा दिवस झाले. रोज सकाळी चपला घालतो, मोटारसायकल बाहेर काढतो आणि परत आत लावतो. भिंत बुजवायची तर आहेच. परतीची वायर खालूनच न्यायची, नवा पाइप घालून. आज हे लिहून झालं की निघतो. शर्ट घातलाय. खिसा रिकामा आहे आणि हात सारखा तिथं जातोय.